द्रोणागिरीच्या पायथ्याशी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे निघालेल्या लाँचमधील प्रवाशांवर नुसती नजर फिरवली तरी उरणचे निम्मे अर्थकारण डोळ्यांपुढे उभे राहते. टोपल्या रिकाम्या करून परतणाऱ्या कोळिणी, मशीद बंदर आणि दाणा बंदर येथे मालाचे भाव ठरवून घरी निघालेले दुकानदार, बंदरातील नोकरदार, सुट्टी संपवून कामावर रुजू होणारे नौसैनिक. लाँच धक्का सोडते, इंजिनाचा ठेका एकसारखा होतो, जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या मागे पडतात आणि डावीकडे घारापुरीची जोडटेकडी दिसू लागते. घारापुरी मुंबईच्या इतकी जवळ असूनही रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तासाभराच्या आत समोरचा किनारा उंचावू लागतो. त्या किनाऱ्यावर उभा असलेला झाडीने झाकलेला डोंगर म्हणजे द्रोणागिरी.

रायगडचा किनारा म्हटला की व्यापारी कुटुंबांना आठवतात ती अलिबागची सुट्टी, किहीमची सुरूची झाडे, मुरुडचा जंजिरा आणि चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्या. उरण-करंजा या यादीत सहसा नसते. तिथे पाहण्यासारखे काय, असा प्रश्न विचारला जातो. मिठागरे, वाळत घातलेले बोंबील, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प, १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आणि काटेरी कुंपणामागचा नौदलाचा परिसर. सुक्या मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावून बाजारपेठेकडे झपझप चालणारे श्रावक पाहुणे उरणकरांना नवे नाहीत. परंतु या कुंपणामागे एक संस्था अशी आहे की जिचे नाव ऐकून थबकावे. नौदलाच्या या रुग्णालयाचे नाव आहे ‘संधानी’.

डोंगर आणि त्याची औषधी

रामायणातील युद्धकांडात लक्ष्मणासह वानरसेना मूर्च्छित पडते, तेव्हा हनुमंताला चार महौषधी आणण्यास सांगितले जाते. मृतसंजीवनी प्राण परत आणते, विशल्यकरणी शरीरात रुतलेले शस्त्र काढून जखम भरते, सावर्ण्यकरणी त्वचेचा वर्ण पूर्ववत करते आणि संधानी तुटलेले सांधते. औषधी ओळखता न आल्याने हनुमंताने सारा डोंगरच उचलून आणला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या डोंगराचा एक तुकडा येथे पडला आणि तोच उरणचा द्रोणागिरी, असे येथील लोककथा सांगते. जैन रामकथेत, विमलसूरींच्या पउमचरियात, लक्ष्मणाला बरे करणारी विशल्या ही औषधी नसून एक राजकन्या आहे. तिच्या पूर्वजन्मीच्या तपाच्या बळाने शक्तीचा आघात निष्प्रभ होतो. दोन्ही परंपरांनी एक गोष्ट मात्र समान मानली आहे. युद्ध कितीही मोठे असो, रणभूमीवर जखम भरून काढणाऱ्याचे स्थान शस्त्र चालवणाऱ्याहून कमी नाही.

भारतीय नौदलाने आपल्या रुग्णालयांना अशीच नावे दिली आहेत. कुलाब्याचे ‘अश्विनी’ देवांच्या वैद्यांचे नाव सांगते, कोचीचे ‘संजीवनी’, विशाखापट्टणमचे ‘कल्याणी’, गोव्याचे ‘जीवंती’, कारवारचे ‘पतंजली’, श्री विजयपुरमचे (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ‘धन्वंतरी’. द्रोणागिरीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या रुग्णालयाला ‘संधानी’ हे नाव मिळावे, यापेक्षा समर्पक योग तो कोणता? गंमत म्हणजे नौदलाच्या व्यवहारात ही जमिनीवरची रुग्णालयेसुद्धा ‘जहाजे’च समजली जातात. इमारतीच्या नावाआधी ‘आय. एन. एच. एस.’ अशी अक्षरे येतात आणि त्यातील शेवटचे अक्षर ‘शिप’चे असते.

सामान्य प्रवाशाला या कुंपणाच्या आत प्रवेश नाही आणि असण्याचे कारणही नाही. तथापि आत जे काम चालते त्याचे स्वरूप देशभरातील सैनिकी वसाहतींत सारखेच असते. त्या कामाचा मोठा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो ते बहुधा पंचविशीतील, नुकतीच पदवी घेतलेले डॉक्टर असतात.

पहिली नेमणूक

या तरुण डॉक्टरांचा मार्ग बहुतेक वेळा पुण्यातून येतो. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. सुरुवातीला येथे केवळ सेवेतील डॉक्टरांचे पुढील शिक्षण होत असे. पदवीचा अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. आज हे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. ‘नीट’ परीक्षेतील गुण, त्यानंतर इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची वेगळी चाचणी, मुलाखत आणि काटेकोर वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या चढून अलीकडच्या वर्षांत १४५ भारतीय विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रवेश मिळतो. त्यात ११५ मुले आणि ३० मुली असतात. याशिवाय अन्य महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या डॉक्टरांनाही मुलाखतीद्वारे अल्पकालीन सेवेत जाता येते.

पदवी मिळताच गणवेश अंगावर येतो. भूदलात लेफ्टनंट, नौदलात सर्जन सब लेफ्टनंट, हवाईदलात फ्लाइंग ऑफिसर अशा पदावर नेमणूक होऊन सैनिकी रुग्णालयात आंतरवासिता सुरू होते. कायम नोंदणीनंतर पद एक पायरी वर सरकते. लखनौच्या प्रशिक्षण केंद्रात लष्करी शिस्त आणि रणभूमीवरील वैद्यकाचे प्रारंभीचे धडे मिळतात. नौदलातील डॉक्टरांना खोल पाण्यातील पाणबुड्यांवर होणारे दाबाचे परिणाम आणि जहाजावरील आरोग्यव्यवस्था यांचा वेगळा अभ्यास करावा लागतो. त्यानंतर हातात पडतो तो पहिल्या नेमणुकीचा आदेश.

खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. शहरातील महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टराभोवती सदैव कोणी ना कोणी वरिष्ठ असतो. प्राध्यापक असतात, निवासी डॉक्टर असतात, रक्ततपासणीचा अहवाल तासाभरात हाती येतो. तुकडीसोबत किंवा जहाजावर मात्र अनेकदा तो एकटाच डॉक्टर असतो. सोबतीला एक-दोन वैद्यकीय सहायक, औषधांची पेटी आणि दूरध्वनी. वीस वर्षे सेवा झालेला, दोन मुलांचा बाप असलेला हवालदार या पंचवीस वर्षांच्या मुलापुढे सावधान उभा राहून सलाम करतो आणि ‘डॉक्टर साहेब’ म्हणून आपली तक्रार सांगतो. ज्येष्ठ सहायकाने अशा डझनभर नव्या डॉक्टरांना रुळताना पाहिलेले असते. कोणाचे दुखणे खरे आणि कोण केवळ कवायत टाळू पाहतो, हे त्याला चेहऱ्यावरून कळते. शहाणा तरुण डॉक्टर पहिल्या महिन्यात या सहायकाकडून जितके शिकतो तितके पुस्तकातून शिकत नाही.

सकाळचा पहिला प्रहर तपासणी कक्षात जातो. लष्करी भाषेत त्याला ‘एम. आय. रूम’ म्हणतात. सर्दी, ताप, मुरगळलेला पाय, त्वचेची खाज, पाठदुखी. नंतर स्वयंपाकगृहाची पाहणी, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, साचलेले पाणी आणि डास. हिवताप हा सैन्याचा जुना शत्रू आहे. सैनिकी डॉक्टराचे निम्मे काम रोग बरा करण्याचे नसून तो होऊ न देण्याचे असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि पहिल्या पावसाळ्यात नीट समजते.

याहून अवघड काम कागदावरचे असते. प्रत्येक सैनिकाची ठरावीक काळाने तपासणी होते आणि त्याची श्रेणी ठरते. ‘शेप’ या इंग्रजी शब्दातील पाच अक्षरे पाच गोष्टी सांगतात. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. यांपैकी एकातही श्रेणी घसरली तर बढती, विशिष्ट नेमणूक, कधी कधी सेवेची मुदतवाढसुद्धा अडते. साहजिकच काही जण रक्तदाब लपवतात, काही साखर लपवतात. डॉक्टरने खरे लिहिले तर एका घरातील कमावत्याची प्रगती थांबते. त्याने डोळेझाक केली तर तोच माणूस उद्या उंच शिखरावर किंवा भर समुद्रात कोसळतो आणि सोबतच्यांचाही जीव धोक्यात येतो. पदावरील अधिकाऱ्याला तुकडी पूर्ण हवी असते, रुग्णाला गोपनीयता हवी असते, आणि स्वाक्षरी मात्र त्या नवख्या डॉक्टरची असते. ज्यांनी पेढीवर किंवा बँकेत एखाद्या कागदावर पहिली जोखमीची सही केली असेल, त्यांना त्या क्षणीचे ओझे वेगळे सांगायला नको.

घरातील डॉक्टर

सैनिकापाठोपाठ येते त्याचे कुटुंब. पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही उपचारांचा हक्क असतो. म्हणून सैनिकी वसाहतीतील तरुण डॉक्टर नकळत कुटुंबवैद्य होतो. गरोदर स्त्रीची तपासणी, बाळाचे लसीकरण, सासूबाईंचे गुडघे, नवव्या इयत्तेतील मुलाची परीक्षेची धास्ती, हे सारे एकाच खोलीत येते. व्यापारी घरांतील ज्येष्ठांना हे चित्र ओळखीचे वाटेल. एके काळी प्रत्येक पेठेत एक डॉक्टर असे. तो तीन पिढ्यांना नावानिशी ओळखी, वही काढण्याआधी घरची खुशाली विचारी, आणि मोठ्या रुग्णालयात केव्हा जायचे व केव्हा जायचे नाही हे त्याच्या शब्दावर ठरे. शहरांतून ती व्यवस्था विरळ होत चालली असताना सैन्याने आपल्या गरजेपोटी ती टिकवून ठेवली आहे. फरक इतकाच की येथील डॉक्टर दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. पुढच्याला रुग्णाची ओळख करून देते ती नोंदवही.

या कामातील खरा ताण रोगापेक्षा अनुपस्थितीचा असतो. घरातील पुरुष समुद्रावर असतो. कधी तो कोठे आहे हेही पत्नीला सांगता येत नाही. बाळाला रात्री ताप चढतो, शेजारी मदतीला येतात, पण निर्णय घेणारे दुसरे कोणी नसते. अशा वेळी डॉक्टरला औषधाबरोबर धीरही द्यावा लागतो. वैद्यकीय अभ्यासक्रमात या विषयाचा स्वतंत्र पेपर नसतो.

करंज्यासारख्या ठिकाणी त्यात भूगोलाची भर पडते. कुलाब्याचे ‘अश्विनी’ रुग्णालय पाण्यापलीकडे जवळजवळ डोळ्यांसमोर आहे. पण वादळी हवेत लाँच बंद होते. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ उघडा पडतो. रस्त्याने जायचे तर वर्षानुवर्षे पनवेल आणि ठाण्याच्या खाडीला वळसा घालावा लागे. रुग्ण येथेच ठेवायचा की हलवायचा, हलवायचा तर आताच की पहाटे, हा प्रश्न या किनाऱ्यावरील प्रत्येक डॉक्टरने, तो गणवेशातला असो वा गावातला, केव्हा ना केव्हा स्वतःला विचारलेला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. या सेतूचे वर्णन बहुधा व्यापार आणि जमिनीच्या भावांच्या अंगाने केले जाते. येथील आजारी माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक साधा आहे. मुंबईचे रुग्णालय आता भरती-ओहोटीवर अवलंबून राहिलेले नाही.

करंज्याच्या पलीकडे

करंजा बंदरातून खाडी ओलांडली की रेवस येते आणि तेथून अलिबाग तालुका सुरू होतो. या छोट्याशा जलमार्गावर आलेला प्रवासी ‘रामदास’ बोटीची आठवण काढल्यावाचून राहत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरील कित्येक गावांत आजही तो दिवस घराघरांतून सांगितला जातो.

रेवसहून दक्षिणेकडे जाताना मांडवा, किहीम, थळ आणि समोर पाण्यात खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला उभारला आणि इंग्रजांच्या व सिद्दीच्या डोळ्यांदेखत तो टिकवला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावरून आरमार चालवले. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी अलिबागेत आहे आणि समोर भरतीत बेट होणारा कुलाबा किल्ला. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. त्यानंतर येथे आलेल्या इंग्रजी राजवटीत जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा पुष्कळदा मूळचा लष्करी डॉक्टरच असे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी आधी पलटणीत सेवा करी आणि मग त्याला जिल्ह्याचे रुग्णालय, तुरुंग व देवीची लस यांचा कारभार सोपवला जाई. या सेवेची स्पर्धापरीक्षा लंडनमध्ये १८५५ पासून सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सूर्यकुमार चक्रवर्ती हा बंगाली डॉक्टर त्यातून निवडला गेला. तरीही दीर्घकाळ बहुसंख्य भारतीयांच्या वाट्याला दुय्यम पदेच आली.

त्या दुय्यम पदांवर या किनाऱ्याची माणसे होती. अलिबाग, नवगाव, रेवदंडा परिसरातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके तेल गाळण्याचा व्यवसाय करी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. इंग्रजी अमलात त्यांची मुले मुंबई इलाख्याच्या फौजेत शिरली. कोणी सुभेदार झाले, तर कोणी लष्करी रुग्णालयांत हॉस्पिटल असिस्टंट. एका पिढीने मलमपट्टी शिकली, पुढच्या पिढ्यांनी पदव्या घेतल्या. अलिबागजवळच्या झिराड गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईतील नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आठवड्याची एक दिवसाची विश्रांती व्यापारासाठीही न मोडणारा एक लहान समाज तेलाच्या घाण्यावरून वैद्यकाकडे वळला, हे उदाहरण आपल्या घरांना परके वाटण्याचे कारण नाही.

या किनाऱ्याने अलीकडेही सैनिकी डॉक्टरांच्या कामाचे मोल पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा तेलक्षेत्रातील तराफा बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून पावणेदोनशेहून अधिक माणसे जिवंत बाहेर काढली. नंतरच्या दिवसांत काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावर लागले. तासन् तास खाऱ्या पाण्यात राहिलेल्या माणसाला जहाजावर घेतले म्हणजे तो वाचला असे नसते. गारठलेले शरीर, फुप्फुसात गेलेले पाणी आणि डोळ्यांतील भीती यांच्याशी पुढची झुंज जहाजावरच्या छोट्या वैद्यकीय कक्षात द्यावी लागते.

करार आणि त्याचा हिशेब

व्यापारी कुटुंबात एखाद्या मुलीला ‘नीट’मध्ये उत्तम गुण मिळाले की पर्यायांची मांडणी होते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क, शासकीय महाविद्यालयातील जागा, पुढे पदव्युत्तर शिक्षण, मग स्वतःचे रुग्णालय. पुण्याच्या सैनिकी महाविद्यालयाचे नाव या मांडणीत उशिरा येते आणि लवकर गळते. कारण करार.

हा करार समजून घेण्यासारखा आहे. शिक्षण, निवास आणि गणवेश यांचा भार शासन उचलते. त्या बदल्यात पदवीनंतर सेवा बंधनकारक असते. काहींना कायम सेवा मिळते, काहींना सात वर्षांची अल्पकालीन. सेवा नको असल्यास लाखो रुपयांची भरपाई द्यावी लागते. व्यापाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर हा व्यवहार स्वच्छ आहे. दोन्ही बाजूंचे देणे-घेणे आधीच लिहिलेले आहे आणि कोणत्याही बँकेचे व्याज चढत नाही. कर्ज काढून खासगी पदवी घेणाऱ्या तरुण डॉक्टरवर पहिल्या दिवसापासून हप्त्याचे दडपण असते आणि ते दडपण कधी कधी रुग्णाच्या बिलात उतरते. सैनिकी डॉक्टर रुग्णाकडून पैसे घेत नाही. आजाराचा विचार करताना खिशाचा विचार करावा लागत नाही, ही मोकळीक वैद्यकीय व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांत फार थोड्यांना लाभते.

दुसरी बाजूही वहीत लिहिली पाहिजे. आपल्या आवडीची शाखा हवी तेव्हा मिळेलच असे नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी सेवेची वर्षे आणि स्पर्धा दोन्ही पार करावी लागतात. बदल्या होतात. लग्न जमवताना ‘मुलगी कोठे राहणार?’ या प्रश्नाचे ठाम उत्तर देता येत नाही. आजीच्या आजारपणात रजा मिळेलच असे नाही. बरोबरीचे वर्गमित्र शहरात आपले नाव असलेली पाटी लावतात, तेव्हा हा डॉक्टर एखाद्या सीमेवरील चौकीत शंभर जवानांचे पाय तपासत असतो. पहिल्या दोन वर्षांत अनेकांना आपण निवडलेला मार्ग चुकला असे वाटून जाते. जे टिकतात त्यांना त्या एकटेपणातच निर्णय घेण्याची सवय लागते आणि ती पुढे आयुष्यभर पुरते.

मुलींच्या बाबतीत शंका अधिक असतात, म्हणून काही नावे ठाऊक असावीत. याच महाविद्यालयात शिकलेल्या पुनीता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. सशस्त्र दलांतील हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला. बालरोगतज्ज्ञ माधुरी कानिटकर २०२० मध्ये त्याच पदावर पोहोचल्या आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. नौदलाच्या सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालकपद स्वीकारले. तेथे पोहोचणाऱ्याही त्या पहिल्या महिला. या सर्वांच्या सेवेची सुरुवात तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणूनच झाली होती.

अहिंसा आणि गणवेश

श्रावक घरात आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. अहिंसेचे अणुव्रत घेणाऱ्याने सैन्याचा गणवेश घालावा का? आपल्या आचार्यांनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार त्यांनी सांगितले. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिलीचा त्याग श्रावकाने करायचाच आहे. उरलेल्या तीन घर, व्यवसाय आणि संरक्षण यांच्या ओघात घडतात, त्यांची मर्यादा घालायची असते. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. भामाशाहांनी राणा प्रतापांपुढे आपली संपत्ती ठेवली ती सैन्य उभारण्यासाठीच.

सैनिकी डॉक्टरचा विचार मात्र या चौकटीच्याही पलीकडे जातो. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार वैद्यकीय अधिकारी हा लढवय्या नसतो. त्याच्या दंडावर रेडक्रॉसची पट्टी असते. जवळ शस्त्र असलेच तर ते स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणापुरते. जखमी माणूस कोणत्या बाजूचा, हे पाहून उपचाराचा क्रम ठरवण्यास त्याला मनाई आहे. ज्याला अधिक गरज, त्याला आधी. कोरियातील युद्धात भारताने लढण्यासाठी सैन्य पाठवले नाही, १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टरांचे पथक पाठवले. आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शत्रूच्या जखमेवर पट्टी बांधताना औषधदान आणि अभयदान एकाच वेळी घडते. गणवेशातील व्यक्तीच्या हातून ते घडते म्हणून त्याचे पुण्य उणे होत नाही.

मुंबईच्या समुद्रावर जहाजे चालवणारे शेठ मोतीशाह यांचे नाव भायखळ्याच्या मंदिरामुळे स्मरणात आहे. भुलेश्वरचे पांजरापोळ उभे करण्यातही त्यांचा वाटा होता. समुद्र, व्यापार आणि जीवदया यांची सांगड आपल्या पूर्वजांना अवघड वाटली नाही. त्यांच्या पणतवंडांपैकी एखादीने आपले वैद्यकाचे शिक्षण समुद्रावरच्या माणसांसाठी वापरायचे ठरवले, तर ती जुन्याच वाटेने चालली असे म्हणता येईल.

‘नीट’चा निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या बहुधा चातुर्मासाच्या आसपास येतात. घरातील वडीलधारी मंडळी तेव्हा एकत्र असतात, प्रवचनाला जातात आणि निर्णयही तेव्हाच होतात. ज्यांच्या घरी असा निर्णय आहे त्यांनी हवा निवळलेली पाहून एकदा सकाळची लाँच धरून मोऱ्यास यावे. उरणच्या बाजारपेठेत दुकाने आहेत, ओळखीही निघतात, सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचता येते. द्रोणागिरीवर जाण्याइतका वेळ नसला तरी करंज्याच्या धक्क्यावर थोडे थांबावे. रेवसकडून येणारी होडी, पलीकडे धुक्यातली मुंबई आणि कुंपणाशेजारून मूल कडेवर घेऊन दवाखान्याच्या दिशेने निघालेली एखादी नौसैनिकाची पत्नी दिसेल. तिचा नवरा त्या वेळी कोठल्या समुद्रावर असेल हे कदाचित तिलाही ठाऊक नसते. दवाखान्यात कोणीतरी आहे, एवढे तिला ठाऊक असते.